जर्मनीत मास्टर्स करताय? विद्यापीठासोबत शहराचं घरभाडंही तपासा

जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही, त्यामुळे विद्यार्थ्याचा खरा खर्च असतो घरभाडं. म्हणून अभ्यासक्रम आणि शहर यांचा निर्णय एकत्रच घ्यावा, असं मी आग्रहाने सांगेन. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते अशा खात्यात) साधारणपणे वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात, म्हणजे महिन्याला ९९२. केम्निट्झसारख्या स्वस्त शहरात तेवढ्यात भागू शकतं. म्युनिकमध्ये त्यातला मोठा वाटा एका खोलीलाच जातो. शिवाय म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने २०२४-२५ पासून युरोपीय संघाबाहेरच्या नव्या विद्यार्थ्यांना शुल्कही लावलं आहे.

मग नामांकित विद्यापीठ सोडायचं का? तुम्हाला हवा तो विषय खरोखर तिथेच शिकवत असतील, तर मुळीच नाही. पण विद्यार्थी वसतिगृहाची प्रतीक्षायादी म्युनिकमध्ये काही सेमिस्टर लांबते, तेव्हा अर्ज लवकरात लवकर करा. आणि खोली किंवा करार न पाहता कुणालाही अनामत रक्कम पाठवू नका.