अभयदानाची सायकलयात्रा

आहार, औषध, शास्त्र आणि अभय अशी चार दाने आपल्या धर्मात सांगितली आहेत. पहिली तीन आमचा व्यापारी समाज यथाशक्ति करीत आला आहे. चौथ्याचे स्मरण क्वचितच होते. त्या चौथ्या दानाचे एक उदाहरण वाचकांपुढे ठेवीत आहोत.

सन १९८४ च्या रक्तपाताने देशाचे मन दुभंगले होते. अशा वेळी, १९८५ च्या डिसेंबरात, वरोऱ्याच्या आनंदवनाचे संस्थापक बाबा आमटे यांनी कन्याकुमारीहून काश्मीरकडे ‘भारत जोडो’ यात्रा काढली. शंभराहून अधिक तरुण-तरुणी सायकलींवर होत्या. सत्तरी ओलांडलेले बाबा मणक्याच्या व्याधीमुळे वाहनात आडवे पडून त्यांच्यासोबत होते. वाट सुमारे पाच हजार किलोमीटरांची होती. पुढे १९८८ मध्ये इटानगर ते ओखा अशी दुसरी यात्रा निघाली.

दान माणसास दुबळे करते व श्रम त्यास उभे करतो, अशी बाबांची धारणा होती. दानशूर म्हणविणाऱ्या आम्हांस ती बोचते. परंतु विचारार्ह आहे. त्या तरुणांनी दिले ते पायांचे श्रम आणि परक्या गावी निर्भयपणे उतरण्याचा विश्वास.

सीमेवरील आम्हांस त्याचे मोल अधिक. १९५६ साली बीदर म्हैसूर राज्यात आले, उदगीर-निलंगा मुंबई राज्यात गेले; तरी तुरीचा सौदा मराठी, कानडी, उर्दू अशा तिन्ही भाषांत होतच राहिला. जेथे शेजाऱ्याचे भय शिरते, तेथे उधारी बुडते आणि पेढीही उठते. म्हणून आहारदानाच्या पंक्तीत आपण अभयदानालाही पान मांडावे, एवढीच विनंती.