साहेबाच्या खुर्चीत कोण बसलंय, याने फरक पडतो का?

'अधिकारी कुठल्याही समाजाचा असो, नियम तर सगळ्यांना सारखेच. मग आपली मुलं सरकारी नोकरीत गेली काय, न गेली काय?' पालकसभेत हा सवाल हमखास येतो. अमेरिकेतले राज्यशास्त्रज्ञ केनेथ मायर यांनी अनेक वर्षं याच सवालाचा अभ्यास केला, आणि तोही शाळांमध्ये.

विषय तसा जुना. १९६८ मध्ये फ्रेडरिक मोशर यांनी प्रतिनिधित्वाचे दोन प्रकार सांगितले. समाजात जेवढे लोक, तेवढ्या प्रमाणात कार्यालयात दिसणं हा पहिला. त्या लोकांनी आपल्या समाजाच्या अडचणी समजून काम करणं हा दुसरा. पहिल्यातून दुसरा आपोआप येतो का, हे मायर यांनी तपासलं.

१९५४ च्या कोर्टाच्या निकालाने अमेरिकेत काळ्या-गोऱ्या मुलांच्या वेगळ्या सरकारी शाळा बेकायदा ठरल्या. पण एकाच शाळेतही भेद उरला. काळ्या मुलांना मागे पडलेल्यांच्या वर्गात जास्त टाकलं जाई, शाळेतून निलंबितही जास्त केलं जाई. मायर आणि सहकाऱ्यांच्या १९८९ च्या पुस्तकात दिसलं की जिथे काळे शिक्षक जास्त, तिथे हे प्रकार कमी. कारण साधं आहे. नियम कागदावर एकच असतो, पण मूल 'उनाड' आहे की 'हुशार पण अडचणीत' आहे, हे ठरवतो शिक्षकच.

मग यात बाकीच्या मुलांचं नुकसान होतं का? टेक्सासच्या शाळांवरच्या १९९९ च्या अभ्यासात उलट आढळलं. जिथे शिक्षकवर्ग विद्यार्थ्यांसारखाच मिश्र, तिथे गोऱ्या मुलांचे निकालही चांगले होते.

मात्र नुसता 'आपला माणूस' म्हणजे जादूची कांडी नाही. सॅन दिएगोच्या पोलिसांवर इतर संशोधकांनी केलेल्या अभ्यासात, काळे पोलीस वाढूनही काळ्या वाहनचालकांशी होणारा भेद कमी झाला नाही. वर्दी चढली की खात्याचीच नजर लागते, असं त्याचं कारण त्यांनी मांडलं. म्हणजे माणसं बदलली तरी खात्याची रीत बदलावी लागते.

आता आपल्याकडे बघा. २००१ च्या जनगणनेत मुस्लिम १३.४ टक्के होते. सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालात आयएएसमध्ये ते ३ टक्के आणि आयपीएसमध्ये ४ टक्के दिसले. अमेरिकेचे निष्कर्ष इथे जसेच्या तसे लागू होतील असं नाही. पण एक गोष्ट घेण्यासारखी आहे. मायर यांनी कलेक्टर नाही, वर्गातला शिक्षक तपासला. लोकांशी रोज गाठ पडते ती शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक, पोलीस शिपाई यांच्याशीच.

म्हणून मुला-मुलींना यूपीएससीचं ख्वाब जरूर दाखवा, पण तलाठी किंवा शिक्षक भरतीचा फॉर्म 'छोटी नोकरी' म्हणून बाजूला ठेवू नका. आणि खुर्ची मिळाली, तर समोर उभा असलेला प्रत्येक माणूस, कुठल्याही समाजाचा असो, इन्साफ मागायला आलाय, हेही त्यांना घरातूनच शिकवा.