शेवटचा कागद

बँकेच्या नोकरीत मी माणसांपेक्षा त्यांचे कागदच अधिक पाहिले. १९९१ साली तालुक्याच्या गावी असताना एक बाई नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला घेऊन काउंटरपाशी आल्या. खात्यावर नाव ‘दत्तात्रय’, दाखल्यावर ‘दत्ताराम’. रुग्णालयाच्या चिठ्ठीवरचे अक्षर कुणा कारकुनाला लागले नव्हते. त्या एका शब्दापायी बाईंना चार खेपा पडल्या, प्रतिज्ञापत्र करावे लागले. नियमावर बोट ठेवून त्यांना परत पाठवणारा अधिकारी मीच होतो.

आता हे काम संगणकावर आले आहे. जन्म-मृत्यू नोंदणीचा १९६९चा कायदा २०२३ मध्ये सुधारला गेला आणि त्याच वर्षी १ ऑक्टोबरपासून नवे नियम लागू झाले. मृत्यू २१ दिवसांत नोंदवायचा ही अट जुनीच. नोंदीनंतर सात दिवसांत संगणकावरूनही दाखला देण्याची तरतूद नवी. रुग्णालय सरकारी असो वा खाजगी, मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र निबंधकाला देणे आणि त्याची प्रत जवळच्या नातेवाइकाला देणे बंधनकारक झाले आहे.

हे दोन कागद वेगळे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. दाखल्यावर मरणाचे कारण नसते. ते उघड करायला कायद्याचीच मनाई आहे. कारण लिहितात ते डॉक्टर. आणि २०२० साली देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम २२.५ टक्के मृत्यूंचे कारण असे प्रमाणित झाले होते.

माझे थोरले बंधू गेले तेव्हा त्यांच्या कागदावर तीनच शब्द होते : ‘हृदयक्रिया बंद पडून’. वाचकहो, हृदय तर मरणाऱ्या प्रत्येकाचेच बंद पडते! दादांच्या पायाला गँगरीन झाले, त्याचे विष रक्तात भिनले आणि या सगळ्याच्या मुळाशी होता त्यांनी घरापासून लपवलेला मधुमेह. जागतिक आरोग्य संघटनेच्या नमुन्यात हीच साखळी ओळीने लिहायची असते. मूळ कारण सर्वांत खाली. दादांची ती ओळ कोरी राहिली. सरकारच्या हिशेबातून एक मधुमेही गळला, आणि माझ्या पुतण्याने चाळिशी उलटेपर्यंत रक्त तपासले नाही. तपासले तेव्हा दुखणे डोळ्यांच्या पडद्यापर्यंत पोहोचले होते.

संगणक कोऱ्या ओळीपाशी डॉक्टरांना थांबवू शकतो. एकदा नीट भरलेले नाव पुन्हा उतरवून घेण्याची गरजही त्याने उरत नाही. पण रात्री दोन वाजता, दमलेल्या डॉक्टरांनी घटकाभर विचार करून खरे कारण लिहायचे, हे काम यंत्राचे नव्हे. घाईत भरलेली चूक कागदावर असो वा पडद्यावर, चूकच. पडद्यावरची फक्त लवकर पोहोचते.

म्हणून एक विनंती. घरावर तशी वेळ आली, तर दुःखातही ती प्रत मागून घ्या आणि मूळ कारणाची ओळ वाचा. खाते बंद करताना शेवटची नोंद चुकली, तर ताळेबंद जुळत नाही. आणि तो न जुळल्याची किंमत मागे राहिलेल्यांना मोजावी लागते.