पाच मिनिटांचे काम, सात वर्षांची शिक्षा

गेल्या महिन्यात एक कार्यकर्ते आमच्या कचेरीत आले. गावात वाद झाला, जिवाला धोका निर्माण झाला, म्हणून त्यांनी रीतसर अर्ज केला. वर्षभर खेटे घातल्यावर .३२ बोअरच्या पिस्तुलाचा परवाना हाती पडला. आता पिस्तुलाची स्प्रिंग सैल झालेली. अमेरिकेतल्या पाहुण्याकडून स्प्रिंग आणि ट्रिगर मागवायचे, घरीच बसवायचे, असा त्यांचा बेत. "वकीलसाहेब, पाच मिनिटांचे काम!" आम्ही म्हटले, "दादा, काम पाच मिनिटांचे, पण शिक्षा सात वर्षांची."

अमेरिकेत असे काम सर्रास चालते. तिथल्या १९६८ च्या केंद्रीय कायद्याने क्रमांक असलेली फ्रेम हेच शस्त्र मानले. त्यामुळे नळी, ट्रिगर, स्प्रिंग हे भाग बहुतेक राज्यांत दुकानातून सहज मिळतात आणि मालक घरच्या टेबलावर ते बदलतात.

आपला कायदा वेगळा आहे. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम २ मध्ये शस्त्राच्या व्याख्येतच त्याचे सुटे भागही येतात. परदेशातून ते आणायचे तर कलम १० खाली परवाना लागतो. शस्त्राची दुरुस्ती आणि त्यात फेरफार यांसाठी कलम ५ वेगळा परवाना मागते. आपल्याकडे असतो तो शस्त्र बाळगण्याचा परवाना, दुरुस्तीचा नव्हे! कलम ५ च्या भंगाला २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान ७ वर्षे आणि कमाल जन्मठेपेची तरतूद आहे. स्प्रिंग बदलली म्हणून प्रत्येकाला शिक्षा होईलच असे नव्हे. पण गावात ज्यांना आपला परवाना खुपतो, त्यांच्या हाती तक्रारीचे आयते कोलीत कशाला द्यायचे? शिवाय चुकीचा भाग बसला तर पिस्तूल नको तेव्हा सुटते, हवे तेव्हा अडते.

हा परवाना म्हणजे मेहेरबानी नव्हे. अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या १९९५ च्या नियमांतील नियम ३ पाहा. अत्याचाराची शक्यता असलेल्या क्षेत्रात गरज भासल्यास इतरांचे शस्त्रपरवाने रद्द करावेत, बेकायदा शस्त्रे जप्त करावीत आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना संरक्षणासाठी परवाने द्यावेत, असे तो सांगतो. किती जिल्ह्यांत हा नियम कागदावरून खाली उतरतो, हे आपण विचारलेच पाहिजे. पण विचारणाऱ्याचे स्वतःचे कागद स्वच्छ हवेत.

म्हणून आमचे सांगणे साधे आहे. पुसणे, तेल घालणे घरी करा. भाग बदलायचा असेल तर दुरुस्तीचा परवाना असलेल्या शस्त्र विक्रेत्याकडेच जा. पावती घ्या, तिची प्रत परवान्यासोबत ठेवा. त्या कार्यकर्त्यांनी तसेच केले. पाहुण्याला फोन करून त्यांनी पार्सल थांबवले.

कायद्याने मिळवलेले हत्यार कायद्यानेच सांभाळायचे असते. एका स्प्रिंगपायी ते गमावू नका.

जय भीम!