दम्याच्या औषधाचा गुण कसा ठरवतात?

तंजावर : कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील गावांत सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ‘कुरुवै’, तर जानेवारी-फेब्रुवारीत ‘सांबा’ भाताची कापणी होते. मळणीची धूळ दमेकऱ्यांना जाचते. त्रास शिगेला पोहोचला की रुग्ण औषध घेतो आणि काही दिवसांनी त्याला बरे वाटते. हा गुण औषधाचा की मळणी संपल्याचा, हे एका रुग्णावरून सांगता येत नाही. त्यासाठी संख्याशास्त्राची मदत घ्यावी लागते.

रुग्णांच्या नोंदी ठेवण्याची परंपरा तंजावरला जुनी आहे. दुसरे सरफोजी राजे (1798-1832) यांच्या धन्वंतरी महालातील नेत्ररुग्णांच्या नोंदी सरस्वती महाल ग्रंथालयात जतन केलेल्या आहेत. उपचारानंतर काय झाले, हे अशा नोंदींतून कळते. उपचार झाला नसता तर काय झाले असते, हे कळत नाही. म्हणून आधुनिक चाचणीत रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे गटांत विभागणी करून त्यांची तुलना केली जाते. ऋतू, धूळ आणि आजाराचे चढउतार मग सर्व गटांना सारखेच लागू होतात.

केवळ ‘बरे वाटले’ या उत्तरावरही विसंबता येत नाही. 2011 मध्ये अमेरिकेत 39 रुग्णांवर झालेल्या अभ्यासात खऱ्या इनहेलरने श्वासाची क्षमता सुमारे 20 टक्क्यांनी वाढली, औषधविरहित इनहेलरने सुमारे 7 टक्क्यांनी. रुग्णांना मात्र दोन्हींनी जवळपास सारखाच आराम वाटला.

सौम्य दम्याच्या 3,800 हून अधिक रुग्णांवरील ‘सिग्मा-1’ या चाचणीचे निष्कर्ष 2018 मध्ये प्रसिद्ध झाले. गरजेपुरते केवळ श्वासनलिका रुंदावणारे औषध घेणाऱ्या गटात दर 100 रुग्णांमागे वर्षाला सुमारे 20 तीव्र झटके नोंदले गेले. त्यासोबत स्टेरॉइड असलेला संयुक्त इनहेलर वापरणाऱ्यांत सुमारे 7. ही घट 64 टक्के. दुसऱ्या शब्दांत, सुमारे आठ जणांनी वर्षभर हा उपचार घेतल्यास एक झटका टळतो. दोन्ही विधाने खरी असली, तरी त्यांचा मनावर होणारा परिणाम वेगळा असतो.

मापदंड बदलला की क्रमही बदलतो. दमा पुरेसा आटोक्यात असलेल्या आठवड्यांचे प्रमाण संयुक्त इनहेलर गरजेपुरता घेणाऱ्यांत 34.4 टक्के होते, तर रोज स्टेरॉइड घेणाऱ्यांत 44.4 टक्के. झटके मात्र या दोन्ही गटांत जवळपास सारखेच कमी होते.

2019 मध्ये दम्याविषयीच्या ‘जिना’ या जागतिक मार्गदर्शक संस्थेने प्रौढ व किशोरवयीन रुग्णांना केवळ तात्काळ आराम देणाऱ्या इनहेलरवर ठेवू नये, अशी शिफारस केली. म्हणूनच औषधाच्या गुणाचा दावा ऐकताना तुलना कोणाशी केली आणि काय मोजले, हे दोन प्रश्न विचारणे आवश्यक ठरते.