संथ इंटरनेट, तरीही सुरक्षित संगणक

संगणकाच्या सॉफ्टवेअरमध्ये दोष सापडणे ही नवलाची बाब नाही. कंपनी तो दूर करणारे अपडेट प्रसिद्ध करते. मात्र त्यावरून दोष नेमका कोठे होता, हे हल्लेखोरांनाही उमगते. त्यामुळे अपडेट प्रसिद्ध झाल्यापासून ते आपल्या संगणकात बसेपर्यंतचा काळ विशेष धोक्याचा ठरतो. मायक्रोसॉफ्टने १६ जुलै २००३ रोजी ज्या दोषावर उपाय दिला, त्याचाच फायदा घेऊन ऑगस्टमध्ये 'ब्लास्टर' हा वर्म जगभर पसरला. १४ मार्च २०१७ रोजी दुरुस्ती उपलब्ध होऊनही १२ मे रोजी 'वॉनाक्राय'ने ब्रिटनमधील अनेक रुग्णालयांचे कामकाज विस्कळीत केले.

संथ इंटरनेट असलेल्यांसाठी हा काळ आणखी लांबतो. २००४ साली आलेला विंडोज एक्सपीचा दुसरा सर्व्हिस पॅक सुमारे २६६ मेगाबाइटचा होता. ५६ किलोबिटचा मोडेम पूर्ण वेगाने चालला, तरी त्यासाठी साडेदहा तास लागत. म्हणूनच तो सीडीवरही देण्यात आला. आज वेग वाढला आहे, पण अपडेटचा आकारही वाढला आहे. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम चालवणाऱ्या दुकानात किंवा दवाखान्यात एकच अपडेट दिवसभराचा डेटा संपवू शकते. मग अपडेट बंद करून ठेवण्याचा मोह होतो.

यावर उपाय आहे. प्रथम सेटिंग्जमधून विंडोजची आवृत्ती आणि संगणकाच्या प्रोसेसरचा प्रकार टिपून घ्यावा. वेगवान इंटरनेट असलेल्या विश्वासार्ह संगणकावर 'मायक्रोसॉफ्ट अपडेट कॅटलॉग' हे अधिकृत संकेतस्थळ उघडून त्या आवृत्तीसाठीचे सर्वांत अलीकडचे 'क्युम्युलेटिव्ह अपडेट' पेन ड्राइव्हवर घ्यावे. यात मागील महिन्यांच्या दुरुस्त्याही असतात, त्यामुळे प्रत्येक महिन्याची फाइल गोळा करावी लागत नाही. एकाहून अधिक फायली दिल्या असल्यास त्या सर्व घेऊन सांगितलेल्या क्रमाने बसवाव्यात. आपल्या संगणकावर फाइलवर डबल-क्लिक करून काम पूर्ण झाल्यावर संगणक पुन्हा सुरू करावा. अँटीव्हायरसची व्याख्या-फाइलही अशाच प्रकारे आणता येते. लिनक्सच्या डेबियन आणि उबुंटू या वितरणांसाठी 'ॲप्ट-ऑफलाइन' हे साधन आहे. कार्यालयात अनेक संगणक असतील, तर 'डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन'मुळे एका संगणकाने उतरवलेले अपडेट इतरांना स्थानिक नेटवर्कवरून मिळू शकते.

काही पथ्ये मात्र पाळायला हवीत. पेन ड्राइव्ह हेही विषाणूंचे वाहन असते. तो आधी तपासून घ्यावा. फाइल अनोळखी संकेतस्थळावरून घेऊ नये आणि तिच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये कंपनीची डिजिटल स्वाक्षरी आहे याची खात्री करावी. विंडोज १० चे नेहमीचे पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले असल्याने, ती वापरणाऱ्यांनी नवी आवृत्ती किंवा विस्तारित सुरक्षा योजना यांचा विचार करावा.

महिन्यातून एकदा पेन ड्राइव्ह घेऊन जाण्याचे कष्ट, गमावलेले हिशेब किंवा रुग्णांच्या नोंदी पुन्हा उभ्या करण्याच्या मानाने नगण्यच आहेत.