ओलिताच्या विहिरीवरील पंपाचा दाब का घटतो?

नागपूर जिल्ह्यातील काटोल, नरखेड, कळमेश्वर या तालुक्यांत संत्र्याच्या बागा मुख्यत्वे विहिरीच्या ओलितावर उभ्या आहेत. आंबिया बहाराची फळे एप्रिल-मे महिन्यांत कोवळी असतात, आणि नेमक्या त्याच वेळी ठिबकच्या टोकाकडील झाडांना पाणी पोहोचेनासे होते. झाडास ताण बसतो व फळगळ सुरू होते. पंप अशक्त झाला असे समजून अधिक अश्वशक्तीची मोटर आणण्याकडे अशा वेळी पुष्कळांचा कल असतो. हा खर्च बहुधा अकारण होतो. दोष कोठे आहे हे प्रथम पाहिले पाहिजे.

पहिला प्रश्न विहिरीचाच. १० मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ म्हणजे सुमारे १ किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाब होय. समजा, दिवाळीच्या सुमारास पाणी ६ मीटरवर होते व मे महिन्यात ते ११ मीटरवर गेले. पंपाला आता ५ मीटर अधिक उचल करावी लागते, म्हणजे तेवढेच पाणी घेतल्यास शेतातील दाब अर्ध्या किलोने घटतो. ठिबकला साधारणतः १ किलो दाब लागतो हे लक्षात घेतले म्हणजे टोकाची झाडे का सुकतात हे कळून येईल. पंप तोच असतो. पाणी खाली गेलेले असते. अशा स्थितीत बागेचे भाग पाडून एका वेळी कमी व्हॉल्व्ह उघडावे, हा बिनखर्चाचा उपाय होय.

पंप काठावर बसविला असल्यास आणखी एक मर्यादा येते. पंप पाणी ओढतो असे आपण म्हणतो, परंतु वस्तुतः बाहेरील हवेचा दाब ते वर ढकलतो. त्यामुळे पंपाखाली ६ ते ७ मीटरपेक्षा खोल गेलेले पाणी सुरळीत चढत नाही, मग मोटर कितीही मोठी असो. येथे पंपच विहिरीत खाली, भक्कम ओट्यावर उतरविणे किंवा पाणबुडी पंप बसविणे इष्ट.

पाणी पुरेसे वर असूनही धार तुटक येत असेल, तर पंप हवा धरतो असे समजावे. सक्शन पाइपचे सांधे, ग्लँडची दोरी व फुटव्हॉल्व्ह यांतून हवा शिरते किंवा पाणी उतरते. पंप बंद केल्यावर थोड्याच वेळात पाइप रिकामा होत असेल, तर दोष बहुधा फुटव्हॉल्व्हच्या चामड्यात किंवा त्यात अडकलेल्या काडीकचऱ्यात सापडतो.

पंप निर्दोष आहे की नाही हे ठरविण्याची परीक्षा सोपी आहे. डिलिव्हरीच्या व्हॉल्व्हअलीकडे दाबमापी बसवावा, पंप चालू असता व्हॉल्व्ह पूर्ण बंद करून काटा पाहावा आणि लगेच उघडावा; अर्ध्या मिनिटाहून अधिक वेळ बंद ठेवू नये, कारण पंपातील पाणी तापते. काट्यावरील आकडा १० ने गुणावा व त्यात दाबमापीपासून पाण्याच्या पातळीपर्यंतचे अंतर मीटरमध्ये मिळवावे. ही बेरीज पंपाच्या पट्टीवरील सर्वांत मोठ्या हेडइतकी किंवा अधिक आली, तर पंपाला दोष देऊ नये. ती पुष्कळच कमी आली, तर पंखा झिजला असेल, व्होल्टेज कमी असेल, किंवा मोटर उलटी फिरत असेल. विजेच्या तारांची दुरुस्ती झाल्यावर फेज बदलून असे घडते. उलटा पंपही पाणी देतो, म्हणून संशय येत नाही! दोन फेजच्या तारांची अदलाबदल केल्यास मोटर सुलट फिरते. मात्र हे काम जाणत्या वायरमनकडूनच करवून घ्यावे.

पंपाजवळ दाब भरपूर व शेतात कमी, असे आढळल्यास अडथळा वाटेत आहे. फिल्टरच्या आधी व नंतर दाब मोजावा. दोहोंतील फरक अर्ध्या किलोवर गेला असेल, तर फिल्टर धुण्याची वेळ झाली आहे. त्यानंतर नळ्यांची टोके उघडून स्वच्छ पाणी येईपर्यंत वाहू द्यावे.

मोठ्या मोटरने यांपैकी कोणताही दोष जात नाही. त्याच पाइपमधून दुप्पट पाणी ढकलल्यास घर्षण जवळजवळ चौपट होते. शिवाय काळ्या खडकातील विहिरीला पाणी फटींतून, सावकाश येते; मोठा पंप ती लवकर आटवितो आणि कोरडा चालून स्वतःही बिघडतो.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी पावसाळा संपताच प्रत्येक विहिरीची पाण्याची पातळी, पंपाजवळचा दाब आणि २०० लिटरचे पिंप भरण्यास लागणारे सेकंद शेतकऱ्याच्या वहीत लिहवून घ्यावेत. मे महिन्यात हेच आकडे पुन्हा घेऊन ताडून पाहता येतील.